मागच्या रांगेतली एकटी

अकरावीला मी पासलीहून भोरला मावशीकडं शिकायला आले, तेव्हा माझ्याकडं दोन वेण्या होत्या आणि न मावणारी अक्कल. सायन्सला आमच्या डोंगराकडची मी एकटीच, त्यामुळं विज्ञानावर आपण उपकारच करतोय अशी माझी समजूत.

केमिस्ट्रीच्या सरांनी भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता टांगला आणि विचारलं, "सोडियमकडून क्लोरीनकडं आडवं जाताना अणू मोठा होतो की लहान?"

हात वर करायची पद्धत मला ठाऊक होती, थांबायचा धीर नव्हता. "मोठा. आमच्याकडं शेकोटीला येणाऱ्यानं एक लाकूड आणायचं आसतं. माणसं वाढली की जाळ वाढतो, मंग समदी मागं सरकत्यात."

"लाकडाचं बरोबर," सर म्हणाले. "इथंही एक इलेक्ट्रॉन वाढला की मधे एक प्रोटॉन वाढतो. पण बाई, तुझा जाळ लोटतो, हा ओढतो. इलेक्ट्रॉनांची रांग तीच, ओढ जास्त. म्हणून अणू लहान."

वाढलेलं लहान कसं होईल? मला पटलं नाही. चाचणीत मी पानभर शेकोटीच लिहिली, चित्रासकट. भोपळा मिळाला. सरांनी सायन्स सोडून आर्ट्सला जायचा अर्ज हातात दिला. "वडिलांचा अंगठा घेऊन ये. सोमवारी तोंडी विचारीन. नाही आलं, तर हा अर्ज ऑफिसात."

शनिवारी एसटीनं घरी गेले. रविवारी उजाडताच अंगणात शेकोटी पेटली. जाळाला चिकटून आजा-आजी, त्यांच्यामागं आठ काका-काकूंची दाटी, आणि त्यांच्याही मागं मी. ऊब पुढच्यांनीच अडवलेली, माझ्या पाठीला गार वारा. आई घरातून ओरडली, "आगं, कुणीतरी म्हशीला वैरण टाका की!" पुढचं कुणी हललं नाही. त्यांना ऊब धरून होती. उठले मी.

गोठ्याच्या दारात माझे पाय थांबले. पुढं दोन, मग आठ, आणि मागं एक. आपण घोकलेला सोडियम तो हाच की! तक्त्यात त्याच्या खालच्या घरात पोटॅशियम: दोन, आठ, आठ, एक. म्हणजे त्या बिचाऱ्या एकट्यापुढं आणखी एक रांग. तो तर हाक यायच्या आतच उठायचा. ज्याचा कणही मी पाहिला नव्हता, त्याचा स्वभाव मला पासलीच्या गोठ्यात, शेणात उभं राहून कळला होता. सगळं जग कुणीतरी रांगेनं बसवलंय आणि ती रांग मला दिसतेय, असं वाटून मी वैरण विसरून उभी राहिले. म्हैस मात्र विसरली नव्हती.

अर्ज दप्तरातून काढलाच नाही.

सोमवारी सरांनी अर्ज मागून घेतला आणि टेबलावर ठेवला. अंगठा नाही हे पाहिलं. पाण्याच्या परातीत सोडियमचा खडा टाकला. तो फुसफुसत, गोल गोल पळत विरघळला.

"याच्या खालचा काय करील?"

"पेटंल."

"कशावरून?"

"त्याच्या मागच्या एकट्यापुढं एक रांग जास्त हाय सर. ऊब पोचत न्हाई. तो लगेच उठंल, पाण्याला मिळंल, मंग जाळ."

"आणि आडवं गेलं की?"

"लहान. रांग तीच, वढ जास्त."

सरांनी कपाटातून बाटली काढली. रॉकेलमधला मुगाएवढा तुकडा चिमट्यानं उचलला आणि टिपायला कागद शोधू लागले. टेबलावर एकच कागद होता. त्यावरच त्यांनी तो नीट कोरडा केला आणि पाण्यात सोडला.

पाण्यावर जांभळा जाळ धावला. पाणी आग विझवतं एवढंच आजवर पाहिलेलं; इथं पाण्यानंच ती पेटवली होती, आणि पेटणार हे मी सांगितलं होतं. तेवढ्यात तुकडा फट्‌कन तडकला.

ही गोष्ट नातवंडांना सांगताना मी इथंच थांबते. पुढचं सांगत नाही, की सगळ्यात आधी बाकाखाली मीच शिरले होते.

"बाहेर ये," सर वाकून म्हणाले. "अर्ज रॉकेलनं बरबटला. आता तुला इथंच बसावं लागणार."