भिंतीवरची लाल रेघ

चिन्मय, सई,

परवा फोनवर चिन्मय म्हणाला, "आजी, आकडे खोटं बोलतील, पण आलेख काढला की खरं दिसतंच." कॉम्प्युटरवर आलेख काढायची त्याला नोकरी लागली, कौतुकच आहे. पण फोन ठेवल्यावर माझा राग काही जाईना... म्हणून लिहिते आहे. आलेखालाही खोटं बोलायला लावता येतं. मी लावलं आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भोकरदन तालुक्यात मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. केदारखेड्याच्या पुढे एका वस्तीवर पत्र्याच्या खोलीत अंगणवाडी होती. तिच्या भिंतीवर मी आलेखाचे कागद जोडून लावले होते – दर मुलाची एक रेघ, दर महिन्याच्या वजनाचा एक ठिपका. सगळ्या रेघा चढत होत्या. दीड वर्षाच्या गंगूची लाल रेघ तेवढी तीन महिने उतरत होती. चौथी श्रेणी – म्हणजे पोर हातची जायची वेळ. तिला जालन्याच्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी आमच्या प्रकल्पाच्या साहेबांनी सहीविना अडकवून ठेवली होती.

साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. "मॅडम, परवा तपासणी आहे. चौथ्या श्रेणीत पोरगं दिसायला नको."

"दिसायला नको, का असायला नको, साहेब?"

"इंग्रजी शिकलेल्या बायकांचं हेच असतं! रेघ वर घ्या, बस्."

मी घेतली. पांढरा रंग, पट्टी, लाल शाई. किती नीटनेटकं काम! आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रेघ पुन्हा खाली. पांढऱ्या रंगाचा डाग नाही, खोडल्याची खूण नाही. मी अंगणवाडीच्या रुक्मिणबाईंवरच भडकले.

"किल्ली माझ्याजवळ व्हती, पर म्या हात न्हाई लावला," त्याही तडकल्या. "मला तर पट्टी बराबर धरता येत न्हाई!"

त्यांच्यादेखत मी रेघ पुन्हा वर चढवली. आम्ही दोघी पोरांना सुकडी वाटायला वळलो. वाटून होतेय तोच गंगूची आई, शेवंता, तिला कडेवर घेऊन आली आणि भिंतीपुढे थबकली. मेंढरं राखणारी, अक्षरओळख नसलेली बाई.

"बाई, समद्या रेघा वर जाऊन राह्यल्या. ही लाल एकलीच खाली का? कोणाची हाय?"

मी वळून पाहिलं. रेघ खाली होती. भर दुपारी, दार उघडं, भिंतीजवळ कोणी गेलेलं नव्हतं.

"तुझ्या गंगूची," मी म्हणाले.

"मंग इतके दिस सांगितलं का न्हाई?"

साहेबांच्या सहीची जागा तशीच सोडून दुसरी चिठ्ठी लिहिली, खाली माझी सही ठोकली आणि दोघींना दुपारच्या एसटीत बसवलं.

तपासणीच्या सकाळी साहेबांनी भिंतीवरचा तो आलेख टराटरा फाडला. महिन्याभरात माझी बदली अंबडला.

शाई उडाली असेल, म्हणाल. मग जुनी रेघ, जुन्याच ठिपक्यावर, परत कुठून आली? दोनदा? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आलेखाचा एक तुकडाही उरला नाही. गंगू आहे. बदनापूरला नांदते.