कांबळ्यातले मास्तर

धारवाडजवळच्या केलगेरीच्या प्रभंजन मास्तरांनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर तो प्रत्यक्ष कुठं असतो ते बघायला कॅमेरा घेतला. कॅमेरा कसला, तोफच ती. पाठोपाठ मिलिटरी छापाचं जाकीट आलं, तसलीच टोपी आली. "लढाईला निघालात की तळ्यावर?" असं कविताबाईंनी विचारलं. कलावंत माणूस बायकोला उत्तर देत नसतो, असं मास्तरांचं मत होतं.

हुबळी-धारवाडच्या हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे. त्याचं दरवर्षी प्रदर्शन भरतं आणि सलग सहा वर्षं मास्तरांना त्यात उत्तेजनार्थ बक्षीस मिळत आलं होतं. आता पासष्टीच्या माणसाला उत्तेजन देऊन करायचं काय? यंदा पहिलं बक्षीस नाही आलं तर कॅमेरा विकून टाकीन, असं ते देवासमोर बोलून बसले होते.

त्यांचा हातखंडा म्हणजे गावाकडचे चेहरे. गाडी थांबवायची, एखादं सुरकुतलेलं माणूस हेरायचं आणि शाळेतल्यासारखा हुकूम सोडायचा, "चष्मा काढा. मोबाईल लपवा. हसू नका. वर बघा, पावसाची वाट बघत असल्यासारखं." हसणारा म्हातारा त्यांना चालत नसे. फोटो पाठवून देतो म्हणायचे, पण आजवर एकालाही पाठवलेला नव्हता. वर यांनीच भांडून मंडळाला नियम करायला लावला होता, की वेष चढवलेल्या माणसाचा फोटो बाद. दुसऱ्याचा चष्मा उतरवला तर चालतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मास्तरांनाच ठाऊक.

जानेवारीतल्या एका रविवारी ते संजीव वकिलांच्या गाडीतून कलघटगीकडच्या एका तळ्यावर गेले. तिथं हिमालयापलीकडून हंस आले होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. संजीव वकील हा मंडळातला दुसरा नमुना. हा माणूस गाडीतून उतरतच नाही. काच खाली करायची, लेन्स बाहेर काढायची, मांडीवर चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा पुडा, आणि मधूनच एक डुलकी.

तळ्याच्या काठाला अंबूताई म्हशी चारत होती. सत्तरीची बाई, अंगावर लाल स्वेटर, कानाला मोबाईल. मास्तरांचे डोळे लकाकले.

"आजी, तो स्वेटर काढा. मोबाईल ठेवा. पावसाची वाट बघत असल्यासारखं वर बघा."

"पावसाची वाट कशाला बघू? आमच्याकडं बोअर हाय," अंबूताई म्हणाली. "आनि थंडीत स्वेटर काढायला मला काय येड लागलंय? न्हाई काढायचा फोटो. जावा तिकडं."

मास्तरांना आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते चिखलातून रांगत हंसांकडं निघाले. वीस पावलंही झाली नसतील, हंस उठले आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसले. मास्तर तिकडं गेले तर हंस इकडं. असं तीनदा झालं. अंबूताई पोट धरून हसत होती.

शेवटी तिलाच दया आली. "अवो, त्या जाकिटाला पाखरं भेतात. रोज असं कोन येतंय का इथं? माजं कांबळं घ्या, म्हशींच्या मधनं चला. म्हशीला ती ओळखतात."

मास्तरांनी जाकीट काढलं, टोपी काढली, बूट काढले. कांबळं डोक्यावरून घेतलं, कॅमेरा आत दडवला. पुढच्या म्हशीनं शेपटी झाडली आणि चष्म्यासकट सगळं तोंड चिखलानं माखलं. चष्मा खिशात गेला. पण हंस हलले नाहीत! दहा हातांवरून मास्तरांनी फोटो काढले. आनंदानं देवाचे आभार मानायला त्यांनी मान वर केली. परत आले तेव्हा वकील गाडीत घोरत होते. कांबळं अंबूताईला देताना मास्तर म्हणाले, "फोटो पाठवतो हं."

महिन्याभरानं प्रदर्शन भरलं. मास्तरांच्या हंसांना दुसरं बक्षीस आणि पहिलं संजीव वकिलांना. मास्तर तो फोटो बघायला गेले आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दोन म्हशींच्या मधे, कांबळं पांघरलेला, चिखलानं माखलेला एक म्हातारा आभाळाकडं बघत होता. खाली नाव होतं, 'पाऊस कधी येईल?'

बेंगळूरचे परीक्षक माईकवर सांगत होते, "बघा हा चेहरा. बिचाऱ्यानं शाळेची पायरीही चढली नसेल."

मास्तरांची पंचाईत झाली. गप्प बसावं तर पहिलं बक्षीस जातं. बोलावं तर तो अडाणी म्हातारा आपण, हे चारचौघांत कबूल करावं लागतं. समोर त्यांचेच जुने विद्यार्थी बसले होते. पण सहा वर्षांचं उत्तेजन आतून ढोसत होतं. ते उठले.

"हा फोटो बाद करा. हा गुराखी नव्हे. हा मी आहे. वेष चढवलेला."

सभागृहात हशा पिकला. संजीव वकील हात जोडून म्हणाले, "शपथेवर सांगतो, डुलकीतून उठलो तर समोर हा म्हातारा. मास्तर असतील असं स्वप्नातही आलं नाही."

परीक्षकांनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं. "पटत नाही. इथं या, फोटोशेजारी उभे राहा. चष्मा काढा जरा. हं. हसू नका. आता वर बघा, पावसाची वाट बघत असल्यासारखं."

मास्तर उभे राहिले. चष्मा काढला. वर बघितलं. वर पंखा फिरत होता. शंभरएक मोबाईल वर झाले आणि कोणीतरी ओरडलं, "सर, अजून थोडं दुःखी!" मास्तर अजून थोडे दुःखी झाले. त्यासाठी त्यांना काही करावं लागलं नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. घरी पोचेपर्यंत तो नवा फोटो हुबळीच्या नवनगरपासून कमरीपेठेपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर जाऊन पोचला होता. काढताना मास्तरांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी बक्षिसाची ढाल कपाटावर ठेवली आणि पाणी मागितलं.

कविताबाईंनी तांब्या पुढं केला. तळ्यावरची सगळी हकिकत त्यांनी आधीच ऐकलेली होती.

"त्या अंबूताईनं नाही म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगता आलं नाही होय?"