एका हाताची म्हैस

या सदरातले अनुभव मी पुष्कळ दिवस नुसतीच वाचत आले. स्वतःचा लिहावा की नको, हे ठरत नव्हतं... कारण माझ्या अनुभवात ना पिंपळ आहे, ना अमावास्या, ना कुणाचे उलटे पाय. भर दुपारचं ऊन आहे आणि एक म्हैस आहे. हसू आलं तर हसा, मी रागावणार नाही.

मी असलं काही मानणाऱ्यातली नव्हते. आमच्या वाडीत कुणाच्या अंगात आलं की बाकीचे हात जोडून उभे राहायचे आणि मी हंडा उचलून पाण्याला निघून जायचे. त्यात माझा धीटपणा नव्हता. पटायचंच नाही, एवढंच.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. दहा-बारा घरं, थोडी नाचणी-वरी आणि बाकी सगळा भार गुरांवर. खाली डांबरी रस्त्यावर उतरायचं, तिथून एसटीने महाड. एसटीत एमआयडीसीतल्या पाळीला जाणारे लोक आणि त्यांच्यामध्ये उभी राहून पुस्तक वाचणारी मी. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सायकॉलॉजी हा विषय घेतला तेव्हा आईने विचारलं होतं, "म्हंजे काय शिकवतात गो त्यात?" मला नीट सांगता आलं नव्हतं.

ते कॉलेजातल्या सरांनी शिकवलं. एके दिवशी त्यांनी कुत्र्याचा तो प्रसिद्ध प्रयोग सांगितला. आधी घंटा, मग खाणं. असं बऱ्याचदा झालं की नुसत्या घंटेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्याला अभिसंधान म्हणतात. आमच्या सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून बोलायचं नाही. बाहेर जे दिसलं तेवढं लिहायचं." मला हे फार आवडलं. माझ्यासारख्या, बोलताना अडखळणाऱ्या मुलीला वाटलं — हे आपल्याला जमेल.

त्या तासाला मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात हात वर केला.

"सर... आमच्या म्हशीचं पण असंच आहे. आई बोलली की तिला पान्हा फुटतो."

वर्ग हसला. मागून कुणीतरी हंबरलंसुद्धा. सर मात्र खडू ठेवून पुढे आले. "आई काय बोलते?"

"सोड गो बाय... असं म्हणते."

"आणि दुसरं कुणी तेच बोललं तर?"

"नाही सोडत. एका हाताची म्हैस आहे ती."

एका हाताची म्हणजे एकाच माणसाला धार देणारी. आमच्याकडे बायका म्हशीला मुद्दाम तशी सवय लावायच्या. दिवसभर रानात चरणारं जनावर, कुणीही आडबाजूला नेऊन धार काढून घेईल, म्हणून. आईने आमच्या चांदरीला पहिल्या वेतापासून असंच ठेवलं होतं. चांदरी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली. आबा, म्हणजे माझे वडील, कासेला हात लावायला गेले तर लाथ ठरलेली.

सर म्हणाले, "मग हे पुस्तक तुझ्या गोठ्यातच आहे की!"

या शहाणपणाची किंमत त्या वर्षी दिवाळीनंतर कळली. आईच्या पोटात गाठ निघाली. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायला हवं, मुंबईला न्या, लांबवू नका. मुंबईत काका होते, त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात सगळी सोय लावली. आणि आई म्हणाली, जाणार नाही.

"ही एका हाताची म्हैस हाय. मी गेले की आटली. आटली की बाजारात गेली. मग बरी होऊन येऊन मी रिकाम्या गोठ्यात काय करू?"

आबा चिडले. "म्हशीपायी मरतेस काय?"

"मरत नाय. थांबते. पारडी मोठी होऊ दे."

पारडी म्हणजे चांदरीचं पिल्लू, अजून दुधावर होतं. ते मोठं होईपर्यंत गाठ थांबणार होती का? आईला कळत नव्हतं असं नाही. पण तिने एकदा मान हलवली की आमच्या घरात कुणाचं चालत नसे. शेवटी मीच म्हणाले, "आणि चांदरीने माझ्या हाताला दूध दिलं तर? तर जाशील?"

आई हसली. "देऊन दाखव. मग जाते."

मी लागले कामाला. आई चांदरीजवळ बसून बोलायची, पान्हा फुटला की बाजूला सरकायची आणि मी सडांना हात घालायचे. पहिल्या दिवशी लाथ बसली, दुधाची चरवी गोठ्याबाहेर गेली. मग हळूहळू आई बोलते आहे तोवर माझा हात ती सोसू लागली. पण आई गप्प झाली की पान्हा चोरायची. मी माझी एक खूण ठरवली होती : चरवीच्या काठावर नखाने टिकटिक. आई बोलायची, मग मी टिकटिक करायचे. काही उपयोग नाही.

सरांना विचारलं. त्यांनी लगेच चूक पकडली. "आधी काय होतं? आईचा आवाज. मग तुझी खूण. अगं, जेवण वाढून झाल्यावर घंटा वाजवून काय होणार? उलटं कर. आधी तू, लगेच मागून आई."

एवढीशी गोष्ट! दुसऱ्या दिवसापासून आधी टिकटिक, मागून "सोड गो बाय."

"घड्याळ झाली माझी पोर," आई आबांना सांगायची. "मी आता टोले द्यायला बसलेय."

मग आई गोठ्याच्या दारात गेली. मग अंगणात. मग तिने आवाज लहान लहान करत नेला. आणि एका सकाळी मी टिकटिक केली, मागून आईचा आवाज आलाच नाही... आणि माझ्या बोटांखाली सड भरून आले. चांदरीने सोडलं होतं. मला रडूच आलं. ज्या कुणी माणसाने हे आधी शोधून, तपासून, लिहून ठेवलं, तो कुठल्या थंड देशातला, त्याला आमच्या डोंगराची खबरही नाही. आणि त्याची विद्या आमच्या गोठ्यापर्यंत आली! वळून पाहिलं तर आई अंगणात तोंडावर पदर धरून उभी होती.

"घे," ती म्हणाली. "माज्या पिशव्या भरा आता."

काका येऊन तिला घेऊन गेले. ऑपरेशन ज्या दिवशी होतं, त्या सकाळी मी नेहमीसारखी धार काढली. चांदरीने नेहमीएवढंच दूध दिलं, कास मोकळी झाली. हे मुद्दाम सांगते आहे. त्या दिवशी कॉलेजला गेले नाही, चांदरीलाही रानात न सोडता अंगणातल्या फणसाखाली बांधलं. पारडीला आबांनी वरच्या अंगाला, घरामागे बांधलेलं.

दुपारी आबा ओट्यावर भाकरी खायला बसले. मी कालवण वाढत होते. चांदरी रवंथ करत बसली होती, ती उठली. उठून उभी राहिली, कान पुढे काढले — आई बोलायला लागली की काढायची तसे. मागचे पाय जरा फाकवले. आणि तिच्या चारही सडांतून दूध सुटलं. मी टिकटिक केली नव्हती. चरवी घरात उपडी होती. पारडी ओरडली नव्हती. अंगणात कुणी नव्हतं.

गाईचं दूध कधी आपसूक गळतं. म्हशीचे सड घट्ट, पिळल्याशिवाय थेंब येत नाही. हिच्या मात्र धारा लागल्या होत्या, एक थांबली की दुसरी, कुणी मुठीत धरून काढावं तशा. मातीत फेस येत होता.

आबांचा घास हातातच राहिला. "हिच्याशी कोन बोलतंय?" ते हळूच म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "गो... हिची मालकीन गेली काय गो?"

मी नाही नाही म्हणत राहिले. आम्ही भाकरी तशीच टाकून खाली उतरलो. रस्त्यावरच्या दुकानात फोन होता, काका तिथे संध्याकाळी करणार होते. आम्ही दुपारपासूनच बाकावर बसून राहिलो. दुकानदाराने चहा दिला, तो आबांनी घेतला नाही. मी मनातल्या मनात सरांचं वाक्य म्हणत होते, दिसलं तेवढंच... दिसलं तेवढंच. दूध दिसलं होतं. बाकीचं आम्हीच घाबरून जोडत होतो.

फोन वाजला तेव्हा आबा उठलेच नाहीत. मी घेतला.

"हां पोरी! टेन्शन नको घेऊ, वैनी एकदम ओके हाय. गाठ काढली. डॉक्टर बोलला, साधी दिसते."

मी आबांकडे बघून नुसती मान हलवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

"पन एक कॉमेडी झाली," काका सांगत होते. "पेशंटांची जेवनं आली ना दुपारी, तवाची गोष्ट. वैनी अर्धवट शुद्धीत. चादरीची दोन टोकं मुठीत धरलीन आणि पिळतेय... एक हात, मग दुसरा हात. नर्स बोलते, मावशी, काय करता? तर ही डोळे मिटून बोलते, सोड गो बाय. नर्सला वाटलं, तिलाच सांगते हात सोड म्हनून!"

काका हसत होते. आमच्याकडे काय झालं ते त्यांना सांगितलं नाही.

सरांना मात्र सगळं सांगितलं. भीत भीत सांगितलं, मला वाटलं, इतकं शिकवून मुलगी अंगात येण्याच्या गोष्टी करते म्हणतील. त्यांनी एकेक विचारलं. खाली एसटीचा हॉर्न वाजला होता का? भांड्याचा आवाज? कालवणाचा वास? वारा पारडीच्या बाजूने येत होता का? मी पुढचे कितीतरी दिवस दुपारी हे सगळं करून पाहिलं. हॉर्नची वाट पाहिली, भांडी वाजवली, पारडी जागा बदलून बांधून पाहिली. पुन्हा थेंबही गळला नाही. सरांना तसं सांगितलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "योगायोग असेल. पण योगायोग म्हणालो म्हणजे मला कळलं, असं नाही." आणि मग, "पाहिलंस त्यातलं काही खोडू नकोस. वाढवू पण नकोस." त्यांच्याबद्दल मला आधीच आदर होता. तो त्या दिवशी दुप्पट झाला.

आई परत आली तेव्हा वाडीतल्या चौघांनी तिला डोलीत घालून वर आणलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं सांगितलेलं. संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ऑपरेशनचं काही आठवतं का गं?"

"काय आठवनार? सुई मारली, काळोख झाला." मग ती आपली मनगटं चोळू लागली. "पन उठले तवा दोनी हात भरून आल्ते. धार काढल्यावर येतात तसे. मनात बोलले, आज चांदरीनं लय दूध दिलान."

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

तिला आम्ही खरं सांगितलं ते शिमग्याच्या सुमारास, ती चांगली हिंडूफिरू लागल्यावर. सगळं ऐकून घेतलंन आणि आम्हा दोघांवर केवढी उखडली!

"आनि तुमी बघत बसलाव? सगळा दूध मातीत? अरे, खाली चरवी तरी लावायचीत!"

सरांनी शिकवलेल्या त्या वर्तनवादावर माझा विश्वास आजही तेवढाच आहे. त्यामुळेच माझी आई वेळेवर मुंबईला गेली. त्या दुपारचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही. जे दिसलं ते लिहिलं. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा... मी अजून शोधते आहे.