मोकळी झाली

स्वातंत्र्य मिळून चार-दोन वर्षं झाली असतील. खाडीवरचा रस्त्याचा जुना पूल पडला तेव्हा मला सातवा लागला होता. मी पहिलटकरीण, कल्याणला सासरी. पूल पडल्याचं दुःख बंदरावरच्या व्यापाऱ्यांना झालं, त्याहून काकणभर जास्तच मला झालं. माझे बाबा तांडेल होते. ठाण्याजवळच्या आमच्या गावाहून मचव्यात मीठ भरून ते कल्याण बंदरात आणायचे, आणि त्याच मचव्यातून मला बाळंतपणाला माहेरी नेणार होते. पूल नेमका बंदराच्या खालच्या अंगाला पडला. दगड आणि लोखंड वाटेतच बसलं. वरच्या होड्या वर अडकल्या, खालच्या खाली.

आगगाडीनं जायला काय झालं होतं, असं आता माझ्या नाती विचारतात. सासूबाई आडव्या आल्या, दुसरं काय! "आगगाडीचे धक्के, पुढं बैलगाडीचे धक्के. पोटुशी पोर जाईल तर पाण्यावरून जाईल, नाहीतर इथंच राहील." पुलाच्या पलीकडे जाऊन मचव्यात बसावं, तर तिथं धक्का नाही, नुसता मांडीभर चिखल. सासूबाई मायाळू होत्या, पण एकदा बोलल्या की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकायच्या नाहीत.

मला मात्र माहेरीच जायचं होतं. माझी आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. बाबा तेव्हा पाण्यावर होते. मला आत्यानं वाढवलं. माझं लग्न ठरल्यापासून बाबा म्हणत, "तुजे वक्ताला मी दारानच बसून राहीन गो." खरं सांगते, मी मरणाला भीत होते, आणि बाबा दारात असले की मरण आत येणार नाही, असं मला वाटायचं. याला वेडेपणा म्हणा हवं तर.

पूल पडल्यावर ते एकदा गाडीनं येऊन भेटून गेले. "खाडी खुली झाली का निरोप धाड. पयले भरतीला येतू."

मग रोज दुपारी मी ओट्यावर बसून खाडीतलं काम बघत राही. ओहोटीला पाणबुडे बुडी मारून दगडाला साखळी बांधत, तिचं दुसरं टोक दोन रिकाम्या पडावांना, म्हणजे मालाच्या होड्यांना, आवळून घट्ट. मग सगळे विडी ओढत बसत. भरती आली की पडाव आपसूक वर उचलले जात आणि त्यांच्याबरोबर तो दगडही. मग तो कडेला नेऊन टाकायचा. एका भरतीला एखादाच दगड. माझं पोट त्यापेक्षा भराभर वाढत होतं.

बंदर मुकं झालं होतं. हमाल पत्ते कुटत. आल्यागेल्याला सगळे एकच विचारत, "मोकळी झाली का?" खाडी हा शब्द कुणी उच्चारायचंच नाही. वेगळं काय मोकळं व्हायचं होतं त्या दिवसांत?

आठवा सरत आला आणि एका सकाळी वाट खुली झाली. बंदरावर नारळ फुटले. आमच्या गावचा एक मचवा वर अडकला होता, तो पहिल्याच ओहोटीला खाली निघाला. मी धक्क्यावरून ओरडले, "बाबांना सांगा, मोकळी झाली! न्यायला या!" वारा होता. त्यांनी हात हलवला.

दुसऱ्या दिवशी भरतीला बाबा आले. मचव्यात मिठाचा खडा नाही. डोक्याला काही नाही. दारात उभे राहिले ते आत येईनात. सासूबाई म्हणाल्या, "या ना, व्याहीबुवा." ते त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले.

"ती कुठं हाय?"

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. आधी पोट, मागून मी. बाबा मट्कन ओट्यावर बसले.

"मोकली झाली, असा सांगलान मना."

"अहो, खाडी! खाडी मोकळी झाली!"

सासूबाई खांबाला धरून हसल्या. मीही हसले, आणि चिडवलंसुद्धा, "नातवंड झालं असं वाटलं ना? मग कुंची नाही, गूळ नाही, रिकाम्या हातांनी कसे आलात?" बाबा हसले नाहीत.

ते मचव्यात बोलले, मुंब्र्याचे डोंगर दिसायला लागल्यावर. माझ्या जन्माच्या वेळी असाच निरोप या होडीवरून त्या होडीवर करत त्यांच्यापर्यंत आला होता. मोकळी झाली. त्यांनी भेटेल त्या होडीला गूळ वाटला. गावाला लागले तेव्हा आईला पोचवून माणसं अंघोळीला उतरली होती.

"तवापासना ह्यो सबूद आयकला का माजे हातान काय ऱ्हात नाय, बाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी सरकून बसले. त्यांनी सुकाण एका हातात घेतलं आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. घर येईपर्यंत तो तिथंच होता.

माझे दिवस भरले. बाबा म्हटल्याप्रमाणे दारातच बसले होते, कडी लावलेल्या दाराच्या पलीकडे. सूर्य डोक्यावर आला असताना मुलगी झाली. आत्यानं नाळ कापली, पोरीला पुसलं आणि दाराकडे तोंड करून सांगायला तोंड उघडलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, "तो शब्द नको." अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून मीच ओरडले,

"बाबा, मी आहे. आम्ही दोघी आहोत. गूळ आणा!"

बाहेरून बाबांचं रडणं ऐकू आलं, आणि मग त्यांचे पाय वाण्याच्या दुकानाकडे धावत गेले.