टोपातली सुरमई

बाईंनी न विचारता आमच्या टोपावरचं झाकण उचललं.

"अय्या, सुरमई!" त्या मागे वळून म्हणाल्या. "आम्हीसुद्धा दर बघून घेतो हो!"

बरोबरचे पाहुणे हसले. मुंबईहून आलेले, मंडळाचे देणगीदार. मंडळाने गावातल्या बेघरांना घरं बांधून दिली. महिन्याला तांदूळ-डाळीची पिशवीही देतं. बाई मंडळाच्या अध्यक्ष; आमच्या दारावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलंय. देणगीदार बघायला येतात तेव्हा कामावर खाडा करून घरी थांबायचं. नीट कपडे घालायचे. पण फार नीट नाही. हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीच शिकलो.

टोपात सुरमईचं नुसतं डोकं होतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलात मी मासे साफ करते. तुकड्या पर्यटकांच्या ताटात. डोकी आम्हाला.

"अण्णा, यांची पिशवी खऱ्या गरजूला द्या," बाई म्हणाल्या.

अण्णा मंडळाचे सेक्रेटरी. आमच्याच वाडीतले. मी घरी काय नेते, ते रोज बघणारे. त्यांनी मान खाली घातली आणि पिशवी उचलली.

माझी आये चुलीपासून उठली. हात जोडले.

"चुकला, बाईनू. परत करूचंय नाय."

मासे खाल्ले म्हणून माझी आये माफी मागत होती.

मी बाईंच्या हातातलं झाकण काढून घेतलं. टोपावर ठेवलं.

"भायर जावा," म्हटलं.

संध्याकाळी अण्णांचा निरोप आला. बाईंची माफी माग, नाहीतर घर खाली कर. घर मंडळाच्या नावावर. दिलं, दिलं म्हणून फोटो काढले, पण दिलेलं नव्हतंच.

जाणार खंय? आधी आम्ही समुद्राजवळ भाड्याने राहायचो. मालकाने तिथे पर्यटकांसाठी एसी खोल्या काढल्या. आता गावात आम्हाला परवडेल अशी खोलीच उरली नाही. पिशवी बंद झाली. पेज पातळ झाली. आये माझ्याशी बोलेना.

"तुझो ताठो आमका रस्त्यार आणतलो," एवढंच एकदा म्हणाली.

ग्रामसभेत उभी राहिले.

"गावच्या जागेत आमका घरापुरती जागा देवा. आमच्या नावावर."

"बघूया," सरपंच म्हणाले.

"सुरमई खातत, वर जागा होयी!" मागून कोणीतरी ओरडलं. सभा हसली. अण्णाही हसले. मी खाली बसले.

जागा मिळाली नाही. मिळेल असंही दिसत नाही. आये अण्णांच्या दारात जाऊन हातापाया पडते. तिला मी बोल लावत नाही. तिने पावसात उघड्यावर दिवस काढलेत.

मी माफी मागणार नाही. घर सोडणार नाही. बाहेर काढायला आले तर उंबऱ्यात बसेन. आणि पुढच्या ग्रामसभेत, त्यांचं हसून झालं की, परत उभी राहीन.