दातवाल्या बाईचं घराणं

हॉलिवूडच्या एका नटीवर माझा जीव आहे. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. तेलंगणातल्या बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या क्वार्टरांत ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही. तिथे तिला सगळ्या बायका दातवाली म्हणत. वरचे दोन दात जरा पुढे, हसली की आधी तेच दिसायचे. पुढे शहरातल्या जाणत्या लोकांनी मला तिच्या अभिनयाबद्दल पुष्कळ ऐकवलं. मी मुकाट्यानं ऐकून घेते. तिचा अभिनय मला माझ्या मामीनं पाण्याच्या नळावर समजावून दिला होता, त्यामुळे बाकीच्यांचं बोलणं मला फिकंच वाटतं.

मामा कोळसाखाणीत होता. गुडीहत्नूरकडच्या आमच्या गावी त्याच्या आधीच्या सगळ्यांनी दुसऱ्यांच्या कापसात आणि ज्वारीत राबून दिवस काढले होते. पगाराची नोकरी लागलेला घरातला पहिला माणूस तो. ऐंशीच्या दशकातल्या माझ्या उन्हाळी सुट्ट्या त्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात गेल्या. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझी चंगळ होती. चंगळ म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ चहा आणि रविवारी पिक्चर.

साहेब लोकांच्या क्लबात शनिवारी इंग्रजी रीळ लागायचं. तेच रविवारी संध्याकाळी कामगारांच्या मैदानात, दोन खांबांना बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर दाखवत. तेलुगू पिक्चर असला की मैदानात पाय ठेवायला जागा नसे. इंग्रजीला निम्मी माणसं अर्ध्यातूनच उठून जात. मामी मात्र पोतं अंथरून शेवटपर्यंत बसायची. शिकलेली चौथीपर्यंत, तीही मराठी शाळेत.

"मामी, तुले समजते का हे?" मी एकदा विचारलं.

"बोलणं नाई समजत," ती म्हणाली. "पन ते बाई काय लपवून राह्यली, ते समजते. तू तिच्या तोंडाकडं पाह्य."

सोमवारी सकाळी नळावर ती आख्खी गोष्ट सांगायची. हा तिथला रिवाजच पडला होता. ज्यांच्या नवऱ्याची दुसरी पाळी असे त्या बायकांना रविवारी घर सोडता येत नसे. त्या हंडे रांगेत लावायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, चेप्पू." सांग म्हणजे. मामी मराठीत सुरुवात करायची, मधेच तेलुगूत शिरायची, अडलं की हिंदीवर यायची. शिवाय ती नुसतं सांगायची नाही, करून दाखवायची. तिचा हंडा भरून वाहू लागला तरी कुणी तिला थांबवत नसे.

दातवाली आम्हाला पहिल्यांदा दिसली ती म्हातारी होऊन. रंगीत पिक्चर होता. मोठं घर, कर्ते मुलगे, तोऱ्यातल्या सुना. आईनं घर आमच्या नावे करावं आणि कोपऱ्यात स्वस्थ बसावं, असा सगळ्यांनी घोशा लावलेला. सगळे तावातावानं बोलतात आणि म्हातारी चहा पीत राहते. मग ती कप बशीत ठेवते, जराही आवाज होऊ न देता, आणि बशी बोटभर पुढे सरकवते. त्यानंतर बोलते, तेही एकच शब्द.

मामीनं हे आधी घरी मामाला आणि मग नळावर बायकांना स्टीलचा पेला घेऊन करून दाखवलं. "तिनं कप ठेवला ना, तवाच मले समजलं," मामी म्हणाली. "आता हे कोनाच्या बापाचं आयकत नाई."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तसेच दात दिसले, पण बाई पोक्त होती, दवाखान्यात नर्स. त्यानंतरच्या सुट्टीत आला तो जुना, काळा-पांढरा पिक्चर. त्यात तेच दात एका कोवळ्या पोरीच्या तोंडात. पोरगी धोब्याकडे कपड्यांच्या घड्या करायची आणि बोलता बोलता मधेच थेट आमच्याकडे बघायची.

"आपल्याकडंच पाहते पाह्य," मामी मला कोपरानं ढोसून म्हणाली. ती पोरगी तिला फारच आवडली.

दुसऱ्या दिवशी नळावर निकाल लागला की हे एक घराणं आहे. आधी आली ती आजी, मग तिची लेक, आणि ही नात. कुणालाही यात शंका वाटली नाही. दात आईचे लेकीला येतात, लेकीचे नातीला जातात, हे आमच्याकडे सगळ्यांच्याच घरात दिसतं. शिवाय आजी आधी भेटली, नात शेवटी, म्हणजे क्रमही बरोबरच. फक्त शेजारच्या तेलुगू बाईनं एक खोच काढली. आजी रंगीत आणि नात काळी-पांढरी, असं कसं?

मामी अडायची नाही. "रंग महाग असते," ती म्हणाली. "आधी बुजुर्गाले देतात. काल आलेल्या पोरीले कोन रंगीत करते?"

हे सगळ्यांना पटलं. मी तेव्हा इंग्रजी शिकायला लागले होते, शाळेत माझा नंबर यायचा, आणि मलाही पटलं. आजी करारी, लेक सोसणारी, नात अल्लड, अशी ती तीन माणसं वर्षानुवर्षं क्वार्टरांत नांदत होती. कुणाची सून सासूला उलटून बोलली की बायका म्हणायच्या, दातवाल्यांच्या आजीला बोलवा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मामाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. तो पुन्हा खाणीत उतरू शकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या जागी घरातल्या एकाला काम मिळणार होतं. अर्जी कुणाच्या नावानं करायची एवढंच ठरायचं होतं, आणि आमच्या घरात ते ठरल्यातच जमा होतं. धाकटा मामा गावी होता. त्याच्याजवळ जमीन नव्हती, पदरी दोन पोरं होती. तो वाईट माणूस अजिबात नव्हता. दादाला आणि वयनीला मी गावी नेऊन जन्मभर सांभाळीन, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि त्यानं सांभाळलंही असतं. माझी आईही त्याच्याच बाजूनं होती.

मी तेव्हा आदिलाबादला कॉलेजात होते. आईनं मला मामीच्या मदतीला धाडलं. धाकटा मामा आणि आई रविवारी पक्कं करायला येणार होते. मामी दिवसभर मामाचं हवंनको बघायची, पण नळावर आता गोष्ट सांगायची नाही, हंडा भरला की सरळ घरी यायची.

"मामी, तुझ्या मनात काय हाय?" मी शेवटी विचारलं.

ती मामाचं धोतर पिळत होती. "मले नाई जाच्याचं गावी," ती म्हणाली. "इथी मी कोनी हाय. तिथी मी भाऊजीच्या घरची एक भाकर खानारी होईन. पन काय करू? चाळिशी उलटली. माया नावानं अर्जी केली अन् काम काय येते म्हनून विचारलं तर काय सांगू? या वयात कोन सुरुवात करते?"

कॉलेजात शिकलेलं काहीही त्या वेळी कामाला येईना.

त्याच आठवड्यात एका दुपारी शेजारची तेलुगू बाई धावत आली. त्यांच्याकडे नुकताच टीव्ही आला होता. "अक्का, दातवाली!" एवढंच ती म्हणाली. मामाला भाचीच्या, म्हणजे माझ्या, भरवशावर टाकून मामी गेली, आणि मामानं डाव्या हातानं मलाही जा म्हणून खुणावलं. परदेशी सिनेमावरचा कार्यक्रम लागला होता. म्हातारी खुर्चीत बसून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. बायकांनी मला पुढे ढकललं, सांग म्हणाल्या. इतकी वर्षं मामी सांगायची आणि मी ऐकायची, त्या दिवशी पहिल्यांदा उलटं झालं.

मधेच त्यांनी जुनी चित्रं दाखवायला सुरुवात केली. धोब्याकडची पोरगी आली, ती हसली, आणि त्याच हसण्यातून नर्स आली, आणि नर्सचं तोंड जाऊन म्हातारीचं आलं. मला समजलं, पण मी सांगायच्या आधीच मामीला समजलं होतं.

"हे एकच हाय," ती म्हणाली. "अवो, हे एकच बाई हाय."

मग मी जमेल तसं सांगत गेले. तिचा बाप खरोखरच धोबीकाम करायचा. ती घरातून पळून सिनेमाच्या गावी आली. दात नीट करून घे म्हणून कंपनीवाले मागे लागले, तिनं ऐकलं नाही. नाव झालं, पैसा झाला. मग चाळिशी आली आणि कुणी काम देईना. बहिणीच्या गावी जाऊन तिनं बरीच वर्षं पावाच्या दुकानात काढली. नंतर परत आली, आणि तिचं सगळ्यात मोठं काम, सगळ्यात मोठं बक्षीस, सगळं त्याच्यानंतरचं.

"म्हंजे म्हातारी मागून झाली?" शेजारीण गोंधळली होती. "आपण तर आधी पाहिली."

"आपल्याकडं उलटं आलं रीळ," मामी म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "तिले पयले काम येत होतं का, विचार."

टीव्हीला काही विचारता येत नाही हे ती विसरली असावी. पण खुर्चीतली बाई नेमकं तेच सांगत होती. पहिल्या पिक्चरच्या वेळी कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं एवढंही तिला माहीत नव्हतं. भीती वाटली की ती सरळ कॅमेऱ्यातच बघायची. आज ते बघून तिला हसू येतं. मी हे मराठीत सांगितलं आणि मामीनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"आपल्याकडं पाहे ते भिऊन पाहे?"

"हो."

मामी उठली आणि घरी गेली.

रविवारी आई आणि धाकटा मामा आले. मामीनं चहा केला. धाकटा मामा हळूहळू विषयावर आला, आईनं त्याला दुजोरा दिला. खाणीत बायकांना उतरू देत नाहीत, वर कामं मिळाली तर धुळीची, पाळ्यांची, आणि घरी हा असा आजारी माणूस. सगळं खरं होतं आणि सगळं मायेनं सांगितलं जात होतं, म्हणूनच ते मोडून काढणं कठीण होतं. मामी चहा पीत राहिली. मामा खाटेवर पडून तिच्याकडे बघत होता.

मग तिनं कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही. बशी तिनं बोटभर पुढे सरकवली. त्या खोलीत पुढचं फक्त मला आणि मामाला कळलं होतं.

"नाई," मामी म्हणाली. मग तिला वाटलं असावं की ही माणसं पिक्चरमधली नाहीत, आपली आहेत, म्हणून ती पुढे बोलली. "भाऊजी, तुमी आमाले सांभाळान, मले भरवसा हाय. पन काम मी करीन. येत नाई, शिकीन. तुमच्या दादाले पन मीच पाहीन."

धाकटा मामा मोठ्या भावाकडे बघू लागला. मामाला बोलता येईना. त्यानं डावा हात वर केला, युनियनच्या सभेत मत द्यायला करतात तसा, आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कर बाई, तुया मनासारखं." धाकटा मामा दोन महिने आमच्याशी नीट बोलला नाही. नंतर तोच गावाहून ज्वारी घेऊन येऊ लागला.

मामीला खाणीच्या तोंडावरच्या लॅम्परूममध्ये काम मिळालं. उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा, वर आल्यावर मोजून परत घ्यायचा. ती पाळीवर गेली की शेजारीण मामाजवळ बसायची. सुरुवातीला मामी इतकी घाबरायची की मोजलेले दिवे पुन्हा पुन्हा मोजायची, असं तिनंच मला हसत सांगितलं. तिच्याबद्दल मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा दुसऱ्या कुणाबद्दल वाटत नाही, आणि त्यात ती परदेशी नटीही आली.

टीव्ही घरोघरी पोचला तशी मैदानातली गर्दी ओसरली. शेवटच्या काही खेळांपैकी एकाला मी तिथे होते. धोब्याकडच्या पोरीचाच पिक्चर होता. माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. आम्ही पोतं अंथरून बसलो. पोरगी घड्या घालता घालता थांबली आणि तिनं सरळ आमच्याकडे पाहिलं.

"हिले अजून काईच मालूम नाई," मामी म्हणाली. मग पडद्याकडे बघत, शेजारच्या पोरीशी बोलावं इतक्या हळू आवाजात तिनं तिलाच सांगितलं, "भिऊ नको, बाई. लय काम पडलं हाय तुयासाठी."

पिक्चर संपल्यावर तिनं पोतं झटकलं आणि मला लवकर चल म्हणाली. सकाळी तिची पहिली पाळी होती.