शेजारची सेफ्टी कार

तमाम जनतेस, आणि विशेषतः आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील रहिवाशांस, कळवण्यास अत्यंत खेद होतो की गेल्या मोसमात आमच्या ड्रायव्हरचं जगज्जेतेपद हुकलं. इंजिन, टायर, हवामान आणि प्रतिस्पर्धी यांची कसून चौकशी होऊन सर्वांना निर्दोष सोडण्यात आलं. दोषी ठरली ती आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, सत्तरी उलटलेली एक बाई. चौकशी समितीचा अध्यक्ष मी होतो.

हसा. मीही बरेच महिने हसत होतो.

फॉर्म्युला वनच्या बऱ्याचशा शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागतात. रविवारचा राहुकाळ सहाला संपतो. बंगळुरात त्या वेळात कुणी नवी चादरसुद्धा अंथरत नाही, तेव्हा युरोपातली मंडळी आमचं पंचांग पाहूनच शर्यत सुरू करायचे तांबडे दिवे विझवत असणार, असं मी दर मोसमात एकदा तरी म्हणतो आणि त्यावर स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसतो. कोरमंगलातल्या आमच्या हॉलमध्ये प्रेक्षक ठरलेले: मी, बायको आणि तिचा भाऊ. मेहुणा होसकोट्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. माल का बिघडला याचं मूळ कारण शोधणं, हीच त्याची नोकरी.

गेल्या मोसमाच्या सुरुवातीला समोरच्या अक्काही येऊ लागल्या. त्यांचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमच्यासारखंच त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघतात. एका रविवारी कोडबळ्यांची ताटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घरात संध्याकाळ फार लांबते, स्वल्प बसू का. बसल्या. शर्यतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण गाडी चाकं बदलायला थांबली की त्या पुढे सरसावून बसत. एवढी माणसं, दोन-तीन सेकंदांचं काम, आणि कुणी कुणावर ओरडत नाही, याचं त्यांना फार अप्रूप. आमच्या घरी गॅसचा सिलिंडर बदलतानासुद्धा ह्यांचं आणि माझं भांडण व्हायचं, असं त्या सांगायच्या. यजमान गेल्यावर त्यांच्याबद्दल त्या हसून बोलल्या, ते पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये.

त्या आल्या त्या पहिल्या रविवारी आमच्या ड्रायव्हरच्या इंजिनातून धूर निघाला. पुढच्या शर्यतीला त्या पहिल्यापासून बसल्या, तेव्हा तो पहिल्याच वळणावर दुसऱ्यावर आदळला. मधे एकदा त्या बहिणीकडे देवनहळ्ळीला गेल्या आणि हा पठ्ठ्या जिंकला.

"भावोजी, डेटा बघा," मेहुणा म्हणाला.

मी डेटा बघितला. शर्यतीत अपघात झाला की एक गाडी सगळ्यांच्या पुढे सोडतात. तिच्यामागे मुकाट्याने, हळू, रांगेत चालायचं. पुढच्याने मरमर करून मिळवलेलं अंतर त्यात मातीला मिळतं. तिला सेफ्टी कार म्हणतात. अक्कांची बेल वाजली की मी दबक्या आवाजात, समालोचकाच्या थाटात, घोषणा करू लागलो: सेफ्टी कार ट्रॅकवर येत आहे. मेहुणा सोफ्यावर लोळून हसायचा. माझ्या विनोदाला इतकी दाद आयुष्यात मिळाली नव्हती. दाद मिळाली की मी फार वाईट माणूस होतो.

मग त्यांना टाळणं सुरू झालं. एका रविवारी सांगितलं, तिकडे पाऊस आहे, शर्यत रद्द. एकदा, आम्ही बाहेर चाललोय. त्या दिवशी आम्ही पडदे ओढून, आवाज अगदी बारीक करून बसलो. आमचा माणूस जिंकला तेव्हा मी आणि मेहुणा तोंडावर उशा दाबून नाचलो. दुसऱ्या दिवशी अक्कांनी सहज विचारलं की काल गाड्यांचा आवाज कुठून येत होता. मी सांगितलं, खालच्या हॉटेलात मोठा टीव्ही लावलाय. त्या "सरी" म्हणाल्या, म्हणजे कन्नडात "बरं". चढलेला स्वर नाही, काही नाही.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. आमचा ड्रायव्हर वर वर सरकत गेला आणि मेहुण्याचा सिद्धांत पक्का होत गेला. शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी परिस्थिती अशी की आमचा माणूस आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिला, की जगज्जेता. मी बाल्कनीत उभा राहून, सेफ्टी कार उद्या गॅरेजमध्येच ठेवायची, असं फोनवर मेहुण्याला सांगत होतो. बायको कपडे वाळत घालत होती. हातातला टॉवेल तसाच धरून तिने माझं बोलणं संपू दिलं.

"तुम्ही त्यांना पांढऱ्या पायाची म्हणताय," ती म्हणाली. "फक्त इंग्रजीत."

माझ्या आत्याला तिच्या सासरी हाच शब्द लावला होता, आणि त्या घरची पायरी माझ्या वडिलांनी पुन्हा चढली नाही. हे मी लोकांना अभिमानाने सांगत आलोय.

रविवारी राहुकाळ संपल्या संपल्या मी स्वतः अक्कांच्या दारात गेलो. त्या नको म्हणाल्या. दळण आणायचंय, म्हणाल्या. मी हात जोडले, नाटकातल्यासारखा एक गुडघा टेकला, तुमच्याशिवाय शर्यत सुरू होणार नाही असं जाहीर केलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सरी, पण मी दाराजवळ बसते. मी त्यांना चांगल्या खुर्चीत, टीव्हीच्या अगदी समोर बसवलं. बसल्यावर त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि पदराखाली झाकले. तेव्हा मला वाटलं, गुडघे दुखत असतील. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये जेमतेम हातभर अंतर आहे, हे माझ्या डोक्यात नंतर आलं.

शर्यत सुरेख चालली. आमचा माणूस सगळ्यांच्या पुढे. मेहुणा घामाघूम, पण बहिणीच्या धाकाने गप्प. मी अक्कांना एकेक गोष्ट समजावून सांगत होतो आणि स्वतःच्या मोठ्या मनावर खूश होत होतो. मग आमची गाडी चाकं बदलायला आत आली आणि नेहमीप्रमाणे अक्का पुढे सरसावल्या. तीन चाकं बदलली. चौथं निघेना. नट अडकला होता. माणसं वाकली, उठली, पुन्हा वाकली. बाहेरून एकामागून एक गाड्या सूं करत निघून गेल्या आणि त्यांत तो प्रतिस्पर्धीही गेला. आणि मी बोललो.

काय बोललो ते शेवटी सांगतो, कारण ते सांगितल्यावर मला पुढे काही बोलवणार नाही. आधी नंतरचं. बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिद्धांत ज्याचा, तो मेहुणा खाली फरशीकडे बघत होता. अक्कांनी सावकाश पाय खाली सोडले, ताटली आमच्याकडेच ठेवली, "येते" म्हणाल्या आणि दार आवाज न करता लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी ताटली परत द्यायला गेलो. त्यांनी दार उघडलं, ताटली घेतली, बायकोची चौकशी केली. माझी क्षमायाचना मी चांगली बसवून नेली होती, हातवाऱ्यांसकट. ती तशीच घेऊन मी परत फिरलो. आता लिफ्टमध्ये भेटतो तेव्हा त्या मान हलवतात. नवा मोसम सुरू झालाय. रविवारी संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवतो. त्यांचा दिवा समोर लागलेला दिसतो, बेल वाजत नाही.

तर ते वाक्य. त्यांना बोलवायला मी स्वतः गेलो होतो, गुडघा टेकून. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर, मी दिलेल्या खुर्चीत, पाय झाकून बसल्या होत्या. टीव्हीवर ती माणसं अजून चाकाशी झटत होती. आणि मी, मोठ्याने, म्हणालो:

"तरी मी म्हणत होतो, आज तरी ह्या बाईला बोलवू नका."